खाली ठेवलेला पेला

कुवेतमधल्या जहरा गावचा खुलैफ माणूस सोन्यासारखा, पण त्याची जीभ नेहमी त्याच्या दोन पावलं पुढे चालायची. ती जे करून ठेवायची ते निस्तरायला हा मागून धापा टाकत यायचा. त्याची बायको तर्फा म्हणे, "अल्लाने यांना डोकं दिलं, जीभही दिली. दोन्हींच्या मधली वाट तेवढी करायची राहून गेली." गावात हे सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे खुलैफच्या बोलण्याचं कुणी फारसं मनाला लावून घेत नसे.

त्याचं शेत गावाच्या पश्चिम टोकाला होतं. थोडी खजुराची झाडं, त्यांच्या सावलीत गवताचे वाफे, मुळा आणि कांद्याची पात. विहिरीचं पाणी मचूळ, पण मुळ्याला ते मानवायचं. तरुणपणी तो खजुराच्या गलबतांवर खलाशी होता, मुंबई बंदर पाहून आला होता. पुढे समुद्राचा कंटाळा आला तेव्हा मातीला लागला. मुलगा नाही, एकच मुलगी, सबीका. थोरल्या मुलाच्या नावाने बापाला हाक मारायची आमच्याकडे रीत. खुलैफला मात्र गाव 'अबू सबीका' म्हणायचं, म्हणजे सबीकाचा बाप. सुरुवातीला काही टवाळ त्याला चिडवायलाच तसं म्हणत. पण हा छाती काढून ओ द्यायला लागला तेव्हा त्या टवाळांचाच विरस झाला.

सबीकाला दिली होती सरहद्दीपलीकडे, इराकातल्या जुबैरला, हाजी फौजानच्या घरात. खुलैफ आणि फौजान एका गलबतावरचे जुने सोबती. एकाने दुसऱ्याची टर उडवायची आणि दुसऱ्याने ती सव्याज परत करायची, असा त्यांचा वर्षानुवर्षांचा परिपाठ. व्याही झाल्यावर तरी दोघं पोक्तपणा शिकतील असं बायकांना वाटलं होतं. कसलं काय.

त्या उन्हाळ्यात, म्हणजे एकसष्ट साली, आमच्याकडे रुपये जाऊन नुकतेच दिनार आले होते. इंग्रजांशी असलेला जुना करारही संपला होता आणि कुवेत आपल्या पायांवर उभं राहिलं होतं. आठवडा उलटला नाही तोच बगदादचा रेडिओ सांगायला लागला की कुवेत हा इराकचाच भाग आहे. गावात कुणाला जेवण गोड लागेना. बायकांनी कणकेची पोती घरात ओढून घेतली. आणि नेमक्या अशा वेळी हाजी फौजान खजुराचा सौदा करायला जहरात आला, खुलैफच्या बैठकीत गावकऱ्यांसमोर लोडाला टेकला, कहव्याचा, म्हणजे आमच्या कॉफीचा, पेला हातात घेतला आणि डोळे मिचकावत म्हणाला,

"काय खुलैफ, ऐकलंस ना? आता तू आमच्याच जिल्ह्यात आलास. बरं झालं. सुनेला माहेरी धाडायचा खर्च वाचला. सगळं घरातल्या घरात."

एरवी यावर हशा पिकला असता. त्या दिवशी बैठकीत कुणी हसलं नाही. खुलैफ उभा राहिला. त्याचं तोंड तांबडंलाल झालं होतं. "अल्लाची शपथ," तो म्हणाला, "हा माणूस याच उंबऱ्यावर उभा राहून आपला शब्द परत घेईपर्यंत त्याच्या घरचं कुणीही माझ्या घरात पाऊल टाकणार नाही."

"अरे, मी मस्करी केली," फौजान म्हणाला.

"तुझी मस्करी तुझ्या घरी."

"चाळीस वर्षं तुझ्या मस्कऱ्या ऐकल्या, तू एकदाही माफी मागितली नाहीस. आता मी मागू?" असं म्हणून फौजान उठला, चपला पायांत अडकवल्या आणि निघून गेला. तोही काही कमी ताठ नव्हता.

संध्याकाळी तर्फाने भाकरी पुढे ठेवली आणि शांतपणे विचारलं, "अबू सबीका, फौजानच्या घरचं कुणीही म्हणजे कोण कोण हो?"

"सगळे. त्याचं अख्खं खटलं."

"आणि त्या खटल्यात आपली पोरगी आहे, हे ध्यानात आहे ना?"

खुलैफचा घास हातातच राहिला.

"अजून एक सांगते. तिला दिवस गेलेत. हिवाळ्यात बाळंत होईल."

पहिलं बाळंतपण माहेरी, हे तुमच्याकडे जसं तसंच आमच्याकडेही. पहिलटकरणीला आईच्या हाताची पेज, आईच्या हाताचं तेल, आईची शिवीसुद्धा हवी असते. आणि इथे बापाने चार माणसांत शपथ घेऊन स्वतःच्या मुलीला दार बंद केलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मशिदीतल्या मौलवींनी मार्ग सांगितला होता. दहा गरिबांना जेवू घाल, शपथेचं प्रायश्चित्त होईल. खुलैफला तो मार्ग आधीपासून ठाऊक होता. अल्ला माफ करील याची त्याला खात्रीच होती. प्रश्न गावाचा होता. जे चारचौघांत बोललो ते चारचौघांत गिळायचं कसं, हे त्याला सुचेना. तर्फा रोज एकदा विषय काढायची आणि तो रोज विहिरीवर निघून जायचा. रात्री तिचं उशीत तोंड खुपसून रडणं ऐकू आलं की तो कूस बदलायचा आणि झोपल्याचं सोंग करायचा.

इकडे देशाचं गाडं आपल्या वाटेने चाललं होतं. आधी इंग्रज फौज आली. धीर आला, पण शरमही वाटली. काल ज्यांना निरोप दिला त्यांनाच आज दारात उभं करायचं. मग कैरोत अरब लीगची बैठक झाली. कुवेतला लीगमध्ये घेतलं आणि ठरलं की इंग्रजांनी जावं, त्यांच्या जागी अरब देशांनी आपापली माणसं पाठवावीत.

खुलैफ आपल्या घरच्या बैठकीत बसून हसला. "लीग म्हणजे लग्नातली पंगत. गलका सगळ्यांचा, वाढायला कुणी उठत नाही."

पण या वेळी वाढपी उठले. उन्हाळा सरता सरता ट्रक यायला लागले. सौदी आले, जॉर्डनचे आले, सुदानचे आले, ट्युनिशियाचे आले, इजिप्तचेही आले. इजिप्तचे थोड्याच दिवसांत परत गेले, बाकीचे राहिले. गावाच्या पश्चिमेला, खुलैफच्या शेतापासून हाकेच्या अंतरावर एक छावणी पडली. एकाच भाषेचे म्हणवणारे हे लोक एकमेकांना हातवाऱ्यांनी समजावत होते. ट्युनिशियाचा बशीर बोलायला लागला की जॉर्डनवाले आधी हसायचे आणि मग विचारायचे, "आता हेच अरबीत सांग." भाकरी प्रत्येकाची निराळी, सलाम ठोकायची तऱ्हा निराळी. सुदानी सावळे आणि हळू बोलणारे, जॉर्डनचे बेदूइन, म्हणजे वाळवंटातले भटके, उतावळे. तरी पहारा एकाच रस्त्यावर, त्याच वाळूत आणि त्याच उन्हात.

खुलैफ छावणीला मुळे आणि कांद्याची पात पुरवू लागला. पहिल्या दिवशी तो नुसता माल टाकून आला. दुसऱ्या दिवशी बसला. महिनाभराने ते पोरगे त्याच्याच बैठकीत पाय पसरून बसू लागले. आमच्याकडे कहवा कडू असतो, वेलची घातलेला, साखरेचा कण नाही. पेला लहान, तळाशी दोन घोट. पुरे झालं की पेला मनगटात हलवून दाखवायचा, नाहीतर यजमान ओततच राहतो. बशीरला हे कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या बैठकीत तो बिचारा पेल्यामागून पेला रिचवत गेला आणि खुलैफ ओतत गेला. शेवटी जॉर्डनच्या हायेलने त्याचा हात धरून हलवला, तेव्हा सुटका झाली. हायेल स्वतः बेदूइन, त्यामुळे कहव्याच्या रीतीभाती त्याच्या रक्तात होत्या. तो बशीरला म्हणाला, "आज रात्रीचा पहारा तुझा. तुला झोप येणार नाही ते नाहीच."

या सगळ्यांत खुलैफचा जीव जडला तो सुदानच्या बखीतवर. बखीत हवालदार, पन्नाशीला आलेला, गालांवर जुन्या खुणा, आवाज जमिनीतून यावा तसा खोल. तो खुलैफला 'हाजी' म्हणायचा आणि पडद्याआडच्या तर्फाला 'बहिणी'. कहवा तो आदबीने प्यायचा, पण पिताना डोळे बारीक करायचा. "आमच्याकडे सुंठ घालतात," एकदा तो म्हणाला, "आणि साखर अशी की चमचा उभा राहील." खुलैफ म्हणाला, "मग तो कहवा कशाला? मिठाईच की." सगळे हसले, बखीतही हसला.

तर्फाला मात्र तो विहिरीवर पाणी भरायला आला की दारामागून बोलायला बरा वाटायचा. एके दिवशी टोपली पुढे सारता सारता तिने मन मोकळं केलं. "आमच्या म्हाताऱ्याने जिभेने कुलूप घातलं आणि किल्ली विहिरीत टाकली, भाऊ. पोरगी तिकडे दिवस मोजतेय." बखीतने ऐकून घेतलं. टोपली उचलून छावणीकडे गेला.

डिसेंबरात वाळवंटाची थंडी पडली. एका शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर खुलैफच्या बैठकीत शेकोटी पेटली होती. गावातले काही म्हातारे होते आणि छावणीतले पाचजण: बखीत, हायेल, बशीर आणि दोन सौदी शिपाई. आतल्या दाराचा पडदा ओढलेला होता. पडद्यामागे तर्फा खलबत्त्यात वेलची कुटत होती, तिचा ठोका बाहेर ऐकू येत होता. खुलैफने डाव्या हातात पितळी भांडं धरलं आणि उजव्या हाताने पहिला पेला बखीतला दिला, कारण तो वयाने मोठा. मग उरलेल्यांना.

बखीतने पेला घेतला आणि तोंडाला न लावता समोर चटईवर ठेवला. त्याचा हात कोटाच्या खिशात गेला.

सगळ्यांच्या नजरा त्या पेल्यावर खिळल्या. भरलेला पेला न पिता खाली ठेवायचा याचा आमच्याकडे एकच अर्थ होतो. पाहुण्याला काही मागायचं आहे आणि ते मिळेपर्यंत तो तुमच्या घरचा थेंब घेणार नाही. अशा वेळी यजमानाने 'काय हवं ते माग' म्हणायचं आणि दिल्यावाचून राहायचं नाही. लोकांनी यापायी घोडे दिलेत, खून माफ केलेत. कहवा गार झालेला पाहुणा घरातून तसाच उठून गेला तर त्या घराला पिढ्यान् पिढ्या खाली मान घालावी लागते.

भांडं हातात तसंच ठेवून खुलैफ म्हणाला, "माग, बखीत. काय हवं ते माग."

बखीतने मान वर केली. सगळे आपल्याकडे का बघताहेत हे त्याला कळेना असं त्याच्या तोंडावर दिसत होतं. शेजारचा हायेल झुकून त्याच्या कानाशी लागला आणि घाईघाईने काहीतरी कुजबुजला. बखीतचे डोळे मोठे झाले. त्याने पेल्याकडे पाहिलं, खुलैफकडे पाहिलं. खिशातला हात तसाच खिशात राहिला. आत वेलची कुटण्याचा ठोका थांबला होता.

बखीतने त्या पडद्याकडे पाहिलं. मग घसा खाकरला.

"हाजी," तो म्हणाला, "माझी थोरली मुलगी शेंदीला असते. नाईलच्या काठी. ती बाळंत झाली, मुलगा झाला, ही बातमी मला दोन महिन्यांनी कळली. ती माहेरी आली तेव्हा बाप घरात नव्हता. बाप कुठे होता? इथे, तुमच्या वेशीवर. मी त्याबद्दल तक्रार करत नाही. आम्हाला सांगितलं, भावाच्या घरावर पहारा करायला चला, आम्ही आलो. पण हाजी, रोज रात्री मी ज्या घराचा पहारा करतो, त्या घराच्या मुलीला त्याच घरात यायला बंदी आहे. मग मी नक्की राखतोय काय? माझी मुलगी समुद्रापलीकडे आहे, मला तिला आणता येत नाही. तुमची दुपारच्या जेवणाआधी पोचेल. तिला आणा. एवढंच मागणं."

खुलैफने काही बोलायला तोंड उघडलं. त्याच्या ओठांवर शपथ आली असावी, सवयच होती. तेवढ्यात हायेलने आपला पेला चटईवर ठेवला.

"माझंही तेच मागणं, काका."

दोघा सौदींनी एकमेकांकडे पाहिलं आणि आपापले पेले ठेवले. बशीर आपल्या पेल्यातला अर्धा कहवा आधीच प्यायला होता. तो गडबडला, उरलेला अर्धा सांभाळत त्यानेही पेला खाली टेकवला आणि काहीतरी बोलला. ते नेहमीप्रमाणे कुणाला कळलं नाही, पण काय म्हणाला असेल ते सगळ्यांना कळलं.

चटईवर पाच पेले ओळीने उभे होते, त्यांतून वाफ निघत होती आणि विरळ होत चालली होती. पाचामुखी परमेश्वर म्हणतात. खुलैफला त्या क्षणी काय वाटलं ते त्याने पुढे कितीतरी वेळा सांगितलं. त्याला राग आला नाही. आपल्याला हरवलं असंही वाटलं नाही. गेले सहा महिने उरावर धोंडा घेऊन हिंडत होतो आणि आता पाचजणांनी येऊन तो धोंडा उचलला, असं त्याला वाटलं. शपथ त्याची होती, पण घरी आलेल्या पाहुण्याचं मागणं शपथेहून मोठं होतं, आणि हे गावातल्या प्रत्येक म्हाताऱ्याला मान्य होतं. ज्या चारचौघांची त्याला भीती होती, तेच चारचौघे आता माना डोलावत होते.

"प्या," तो म्हणाला. "प्या रे. दिलं."

सगळ्यांनी पेले उचलले. पडद्याआडून तर्फाचं रडू ऐकू आलं, आणि रडता रडता तिचा आवाजही. "बखीतभाऊ, तुझ्या तोंडात साखर पडो."

का कोण जाणे, बखीतला त्यावर ठसका लागला.

शपथ मोडायची म्हणून खुलैफने दुसऱ्या दिवशी दहा गरीब जेवू घातले. पण जुबैरला निरोप कसा धाडायचा? फौजानचं मन कसं वळणार? 'शब्द परत घे' असं म्हटलं तर तो यायचा नाही, आणि 'मी चुकलो' हे शब्द खुलैफच्या तोंडातून निघणं म्हणजे खजुराला आंबे लागणं. शेवटी त्याने काय केलं, तर डोक्यावरच्या रुमालाला बांधायची काळी दोरी काढली आणि बायकामुलांना पलीकडे नेणाऱ्या एका ट्रकवाल्याच्या हातात दिली. आमच्याकडे पुरुष ती दोरी सहजी डोक्यावरून उतरवत नाही. उतरवून दुसऱ्याच्या हाती दिली म्हणजे सगळी लाज त्याच्या हवाली केली.

"काही सांगायचं?" ट्रकवाल्याने विचारलं.

"काही नाही. फौजानला दे. त्याला कळेल."

चार दिवस खुलैफ उघड्या रुमालाने हिंडला. दुसरी दोरी विकत घ्यायला तो तयार नव्हता. तर्फाने सबीकाची खोली झाडून, सारवून ठेवली. सुईणीला सांगून ठेवलं. रोज सकाळी खुलैफ मुळे घेऊन थेट रस्त्यावरच्या चौकीत जायचा आणि उत्तरेकडे डोळे लावून बसायचा. बखीतचे शिपाई त्याला चहा द्यायचे.

पाचव्या दिवशी लांबून धुरळा दिसला. एक जुनी गाडी डुलत डुलत आली आणि अडसराशी थांबली. मागच्या बाजूला बुरख्यातली बाई दोन उशांमध्ये बसली होती, एक हात पोटावर. पुढच्या दारातून हाजी फौजान उतरला.

दोघं म्हातारे अडसराच्या अलीकडे आणि पलीकडे उभे राहिले. बखीतने अडसर वर केला नाही, घाई केली नाही. फौजानने कोटाच्या आतून काळी दोरी काढली. अडसरावरून हात पुढे केला आणि खुलैफच्या डोक्यावरचा रुमाल नीट करत ती वर बसवली. मग फौजानने डोळे मिचकावले. जित्याची खोड.

"डोकं उघडं ठेवून फिरू नकोस," तो म्हणाला. "लोकांना वाटेल आम्ही खरंच तुला जिंकून घेतलं."

हायेलने हळूच कपाळावर हात मारला. याच असल्या एका वाक्यावरून सहा महिने घर पेटलं होतं. गाडीतली सबीका सासऱ्याला म्हणाली, "काका, पुरे ना." खुलैफची हनुवटी थरथरायला लागली. कुणाला वाटलं रागाने. पण ती हसण्याने थरथरत होती. तो असा हसला, असा हसला की अडसराला धरून खाली बसला, आणि डोळे पुसता पुसता म्हणाला, "मेल्या, तू माझ्या पोरीला घेऊन आलास. तुझं कुठलंही बोलणं आज मला माफ आहे."

"मग माझंही ऐक," फौजान म्हणाला. आता तो हसत नव्हता. "त्या दिवशी मी चुकलो. लोक घाबरलेले असताना मस्करी करू नये. तुझ्या उंबऱ्यावर येऊनही म्हणतो, चल."

अडसर वर गेला. "बाबा," गाडीतून सबीका म्हणाली, "आई रागावलीय का?" खुलैफ म्हणाला, "तुझ्यावर नाही. माझ्यावर. सहा महिने झाले." आणि तो तिच्या शेजारी, उशा सावरत, घरापर्यंत एक अक्षर न बोलता बसला. त्याच्या आयुष्यातलं हे सगळ्यात लांबलेलं मौन होतं.

जानेवारीत मुलगी झाली. खुलैफने हट्ट धरला की नातीचं नाव लीगच्या नावावरून ठेवायचं. तर्फा म्हणाली, "पोरीला उद्या शाळेत हाक मारतील आणि सगळे मंत्री गोळा होतील." शेवटी नाव ठेवलं अमीना, म्हणजे सुखरूप असलेली. चाळीस दिवसांनी सबीका आपल्या घरी परत गेली. पोहोचवायला खुलैफ स्वतः जुबैरपर्यंत गेला.

त्या फौजांनी पुढचं अख्खं वर्ष रस्त्यावर काढलं. एक गोळी झाडली नाही. पुढच्या काळात शिकलेले लोक खुलैफसमोर म्हणत, "लीग? काय केलं हो लीगने? बैठका घेतल्या." मग त्याची जीभ सुटायची. "तुम्ही इथे बसून मिशांना पीळ देताय ना? तो पीळ देता यावा म्हणून शेंदीचा एक बाप आपल्या नातवाला न बघता दीड वर्ष वाळूत उभा होता. गोळी झाडली नाही म्हणून काय त्याचे उपकार कमी झाले?" मीही तेच म्हणतो. मोठ्या लोकांच्या बैठकांतलं आम्हाला काही कळत नाही, पण त्या बैठकीतून उठून आमच्या दारापर्यंत चालत आलेली माणसं आम्ही पाहिली आहेत.

फौजा परतल्या त्या रमजानात. निघायच्या आदल्या संध्याकाळी बखीत खुलैफकडे उपास सोडायला आला. गहू-मटणाचं हरीस झालं, खजूर झाले, कहव्याचं भांडं आलं. तर्फाने बखीतच्या नातवासाठी लोकरीचं पांघरूण विणून ठेवलं होतं, ते पडद्याआडून पुढे केलं. बखीतने ते कपाळाला लावलं. मग त्याने पेला हातात घेतला.

"हाजी," तो म्हणाला, "जाता जाता एक सांगतो. रागवायचं नाही."

"बोल."

"त्या शुक्रवारी मला काही मागायचं नव्हतं."

खुलैफने ओतायला उचललेलं भांडं खाली ठेवलं.

"तीन महिने तुमचं ते कडू औषध पीत होतो. त्या दिवशी ठरवलं, आता आपण घरचेच झालो, लाजायचं काय. खिशात साखरेची पुडी आणली होती. ती काढायला पेला खाली ठेवला. एवढंच. मग तुमचं तोंड पाहिलं. हायेल कानात म्हणाला, मूर्खा, तू यजमानाला शब्दात बांधलंस, आता काहीतरी माग, आणि मोठं माग, नाहीतर यांचा अपमान होईल. मी विचार केला, एवढं सगळं झालंच आहे तर साखर कशाला मागायची?"

पडद्याआड काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला. मग तर्फाचं हसू, तोंडात ओढणी कोंबूनही न थांबणारं. खुलैफला मात्र हसू आलं नाही. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. सबीकाचं माहेरपण, अमीनाचा जन्म, फौजानचा अडसरावरून आलेला हात, हे सगळं एका साखरेच्या पुडीवर टेकून उभं होतं, आणि तो पुडीवाला उद्या निघून जाणार होता.

"तर्फा," त्याने हाक मारली, "साखर आण."

त्या घरात कहव्याबरोबर साखर कधी आली नव्हती. तर्फाने वाडगा भरून दिला. खुलैफने स्वतःच्या हाताने बखीतच्या पेल्यात साखर घातली, मग अजून घातली, तळ दिसेनासा होईपर्यंत. बखीतने एका घोटात पेला रिकामा केला आणि डोळे मिटले. "आता हा कहवा झाला," तो म्हणाला. खुलैफने पुन्हा ओतला. त्या संध्याकाळी बखीतने पेला काही हलवला नाही, आणि खुलैफही ओतायचं थांबला नाही.

तेव्हापासून खुलैफच्या बैठकीत कहव्याच्या भांड्याशेजारी साखरेचा वाडगा ठेवलेला असतो. नवखे पाहुणे हसतात, कडू कहव्याला साखर कशाला म्हणतात. तो कुणाला काही सांगत नाही. वाडग्यात मुंग्या होतात, तर्फा रोज सकाळी जुनी साखर टाकून ताजी भरते.